तारेला अडकलेले केस

कुंपणाखालचा तो वॉटर गॅप मीच बुजवला होता आणि चांगला बुजवला होता, हे आधी सांगून टाकतो.

ओरेगॉनच्या हार्नी काउंटीत एका रँचवर माझा हा तिसरा उन्हाळा. काउंटी पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठी, माणसं साडेसात हजार, पाऊस-बर्फ मिळून वर्षाला 250-300 मिमी. साताऱ्यातल्या माण तालुक्याच्या माणसाला दुष्काळाचं कौतुक नाही, पण इथे आमचं माण हिरवं वाटायला लागतं. घरच्यांना वाटतं मी दिवसभर घोड्यावर असतो. घोडा कुठला, निम्मा उन्हाळा तार-कंपाऊंडात जातो. खाली आपल्याकडचाच काळा पत्थर, बसाल्ट, खड्डा घेताच येत नाही. मग कोपऱ्यावर लाकडाचा सांगाडा उभा करून त्यात दगड भरायचे आणि सगळ्या तारेचा ताण त्या वजनावर घ्यायचा. त्याला रॉक जॅक म्हणतात. माझे रॉक जॅक हलत नाहीत, कुणीही येऊन ढकलून बघावं.

ओढा तारेखालून जातो तो वॉटर गॅप. वसंतातल्या पाण्याने तिथली जाळी उचलली गेलेली आणि वासरं शेजाऱ्याच्या हद्दीत जात होती. मालक म्हणाला आजच बंद कर. कुंपण मेंढरांच्या काळातलं, खाली चौकोनी जाळी, वर दोन काटेरी तारा. मी नवा तुकडा जोडला, स्ट्रेचरने ताणला, मधे दगड टांगला (याला डेडमॅन म्हणतात), ससा जाईल एवढीही फट ठेवली नाही.

जाळीच्या खालच्या तारेला केस होते. तांबूस-पांढरे, जाड, आतून पोकळ. मी बघितले, जोड मारताना मधे येतात म्हणून उपटून फेकले आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिथे प्रॉन्गहॉर्नची मादी. तारेच्या कडेने पन्नास पावलं जायची, वळायची, परत यायची, मातीत पायवाट पडलेली. कास तट्ट भरलेली. जून महिना, म्हणजे पाडस पलीकडे सेजब्रशच्या झुडपांत दबून बसलेलं, बहुतेक जुळी. ती आदल्या दुपारी अलीकडे चरायला आली असणार आणि मी मागून दार लावलं.

हे जनावर हरीण नाही, ह्याचा जवळचा नातेवाईक जिराफ. ताशी 80 किमीच्या वर पळतं, पण तारेवरून उडी मारायचं ह्याच्या डोक्यातच येत नाही, आपलं काळवीट कसं उडतं तसं नाही. हे गुडघ्यावर येऊन खालून सरपटतं. म्हणून खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून 40-45 सेंमी वर हवी. मी हे परीक्षेत लिहून मार्क घेतलेत! जाळी काढून तशी तार लावायचा आमचा अर्ज वर्षभर कुणाच्यातरी टेबलावर पडून आहे, हेही खरं, पण केस उपटले ते माझ्या हातांनी.

मालकाला न विचारता कापली. चार तास ताणलेली जाळी दोन मिनिटांत, मग पिकअप लांब नेऊन दुर्बीण लावून बसलो. चाळीसेक मिनिटं ती गॅपकडे बघायलाच तयार नाही, माझा वास असेल. मग एकदम खाली बसली की काय म्हणेपर्यंत पलीकडे. सेजब्रशमधे शिरली, मान खाली घातली आणि पुढचं काही दिसलं नाही. कमरेएवढी झुडपं.

नऊ वासरं पलीकडे गेली, ती गोळा करायला अख्खा दिवस गेला, मालक जे बोलला ते इथे लिहीत नाही. त्याचंही बरोबर आहे, वासरांवर त्याचं वर्ष चालतं. सोबतचा पोरगा म्हणाला, कोल्ह्यांनाही खायला लागतंच की. त्याला कायोटी म्हणायचं होतं, लांडग्याच्या जातीतलं इथलं लहान जनावर. असल्या वाक्यांचा मला फार राग येतो.

तीन दिवसांनी मी स्वतःच्या पैशाने आणलेली बिनकाट्याची तार तिथे ओढली, त्या खाली एक लाकडी दांडी टांगली, वासरं बुजावीत म्हणून. आठवड्याने तारेला परत केस अडकलेले. मोठ्या जनावराचे. पाडसाचे मिळतात का म्हणून मी गुडघ्यावर बसून शोधले, पण पाडसाला त्या उंचीखालून जाताना वाकावंच लागत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही.