चौसष्ट गुण

कपाटात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं मनावर घेतलं. जवळजवळ तीन जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे ती सिस्टिम टाकायचं अख्खं गाठोडं, उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली आणि मांडी घालून बसलो. निम्म्यावर गाडी अडली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. आधी पेनड्राइव्हवर आळ घेतला, मग रॅमवर, मग बिचाऱ्या हार्डडिस्कवर. दोन रविवार गेले. फाइलच उतरताना नासली असेल, हे डोक्यातच आलं नाही. नाव बरोबर, साइज बरोबर. दिसायला अगदी सोज्वळ!

तिसऱ्या रविवारी, जे सगळ्यात आधी करायचं ते केलं. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून 'शा२५६सम' लिहिलं, पुढे फाइलचं नाव. हा हुकूम अख्खी फाइल वाचून तिचा ठसा काढतो, त्याला चेकसम म्हणतात. थोडा वेळ पंखा घुरघुरला आणि ६४ मण्यांची माळ आली: शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. मिंटच्या साइटवरची माळ शेजारी ठेवून मी मोठ्यानं वाचू लागलो. आई जवळच मटार सोलत होती.

"काय जुळवतोयस? पत्रिका?"

उपमा मला भलतीच आवडली. फक्त पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी गुरुजी मान डोलावतात. इथं ६४ पैकी ६३ जुळले तरी लग्न मोडलं. आमचा तर पहिलाच मणी वेगळा निघाला. तीन जीबी म्हणजे सुमारे २४०० कोटी बिट, प्रत्येक बिट शून्य नाहीतर एक. त्यातला एक जरी उलटला, तरी माळेचा एखादा मणी नव्हे, सगळी माळच ओळखू येईनाशी होते. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या घरात वाढलो मी. या यंत्राला मात्र पातेल्यातलं शीतन् शीत दाबून बघायचं असतं.

फाइल पुन्हा उतरायला लावली.

खरं सांगायचं तर चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं मी कधीच वाचत नाही. पहिली चार, शेवटची चार, की झालं. म्हणजे परीक्षा पुन्हा शितावरूनच! फाइल आपसूक बिघडली असेल तर तेवढंही पुरतं. पण कुणी मुद्दाम बनावट फाइल केली, तर दोन्ही टोकांची आठ अक्षरं जुळेपर्यंत ती बदलत राहायला सुमारे ४३० कोटी प्रयत्न लागतील. माणूस थकेल, कॉम्प्युटर नाही.

आणि चोर त्याहून सोपी वाट धरतात. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटमध्ये शिरून त्यांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक चोरदरवाजा बसवलेल्या आयएसओकडे वळवली होती. साइटच चोराच्या ताब्यात असेल, तर तिथली माळ तरी कुणाची म्हणायची? म्हणून मिंटवाले चेकसमच्या यादीवर आपल्या गुप्त किल्लीनं डिजिटल सही करतात. ती त्यांच्या जाहीर किल्लीनं पडताळता येते. ही पायरी मी आजवर टाळत आलोय. त्या किल्ल्यांचं प्रकरण जरा किचकटच आहे.

तासाभरानं नवी फाइल आली. या वेळी बोट ठेवून सगळी अक्षरं वाचली.

"जुळले गं, चौसष्टच्या चौसष्ट!"

"मंगळ बघितलास का?" मटारातून मान वर न करता आईनं विचारलं.

सही तपासायची राहिली होती. टर्मिनल पुन्हा उघडलं.