बीकेसीतली हेल्थ-आयटी कॉन्फरन्स: 250 ची रिक्षा आणि चहाची लाइन

आधी रिक्षाचं सांगतो, डोकं तिथेच फिरलंय. कॉन्फरन्स बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो आणि ऑफिसातल्या एका जाणत्याचं ऐकून लोकलने कुर्ल्याला गेलो. पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षावाले "बीकेसी, बीकेसी" करत अंगावरच येतात आणि मीटर म्हटलं की मान फिरवतात. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉप, म्हणजे बकरा आलाच. तीन-चार किलोमीटरचे 250 घेतले, वर गेटच्या बरंच अलीकडे उतरवलं. तुम्ही दादरलाच पश्चिमेला या, मेट्रो 3 पकडा, शीतलादेवी, धारावी, मग बीकेसी, संपलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मी 120 बेडच्या हॉस्पिटलचं आयटी बघतो, म्हणजे प्रिंटर पण मीच आणि आभा, म्हणजे पेशंटचं सरकारी डिजिटल आरोग्य खातं, ते पण मीच. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं आमचं एम-1 झालंय, म्हणजे आभा काढून देणं, आणि एम-2 वर, म्हणजे आपले रेकॉर्ड त्या आभाला जोडण्यावर, गाडी अडकलीये, तेवढ्यासाठीच गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापलेलं, 'फायर हँड्स-ऑन वर्कशॉप, लॅपटॉप आणा'. फायर म्हणजे FHIR, आरोग्याचे रेकॉर्ड एका सिस्टिममधून दुसरीत पाठवायचा ठरलेला साचा. दारात कळलं त्याचे वेगळे 3500, वर 18 टक्के जीएसटी. साहेबांना फोन करायची लाज वाटली, खिशातून 4130 भरले. आत पाऊण तास कंपनीची ओळख, मग टेस्ट सर्व्हर उघडेना, मग स्लाइडवरच कोड वाचून दाखवला. पैसे पाण्यात. वेगळ्या फीचं वर्कशॉप असेल तर आधी मेल करून विचारा की सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, खरंच रिक्वेस्ट पाठवून दाखवणार का, उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

स्टॉलवर कोटेशन मागायला हरकत नाही, पण ओळ न् ओळ वाचा. एकाने आम्हाला स्नोमेड सीटीची, म्हणजे आजार-तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीची, लायसन्स फी लावली होती. अरे बाबा, भारत 2014 पासून ती यादी चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य देश आहे, भारतात वापरायला लायसन्स फुकट मिळतं, आणि ते काम बघणारं केंद्र आपल्या पुण्यातच आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेत. हे म्हटल्यावर स्टॉलवाला हसला आणि ओळ खोडली. खोडली म्हणजे खोडता येत होती ना!

नेटवर्किंगच्या ॲपवर 14 जणांना मीटिंग मागितली, दोघांनी हो म्हटलं, दोघांनाही मला काहीतरी विकायचंच होतं. शंभर कार्डं छापून नेली, नऊ गेली. त्यापेक्षा गळ्यातल्या पट्टीवर हॉस्पिटलचं नाव असलेला माणूस बघा आणि चहाच्या लाइनीत त्याच्या मागे उभे राहा. मोबाईलमध्ये आपल्या एररचा स्क्रीनशॉट ठेवा, पेशंटचं नाव झाकून.

मला तिथेच सांगलीकडच्या एक मॅडम भेटल्या. स्क्रीनशॉट बघून म्हणाल्या, कोड सोडा, एका मोबाईल नंबरवर तुमच्याकडे किती पेशंट आहेत ते मोजा. पेशंट त्याच्या ॲपवरून जुने रेकॉर्ड शोधतो तेव्हा आपल्याकडे मुख्यतः मोबाईल, नाव, लिंग, जन्मसाल येतं आणि त्यावरून आपल्या रजिस्टरमधला माणूस ओळखायचा असतो. आता आपल्याकडे अख्ख्या घराला मुलाचा एकच नंबर, संगीताचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळं, आणि आजीचं वय विचारलं की "लिवा साठ". सापडणार कसं? आधी रिसेप्शन सुधारा, मग एम-2, असं त्यांचं म्हणणं. दहा मिनिटांत दोन दिवसांची फी वसूल.

दुसरा दिवस ठीक गेला, सायबर सुरक्षेवरची चर्चा बरी होती, जेवण पण.

सोमवारी येऊन पहिली ती नंबर मोजायची क्वेरी डेटाबेसवर मारली. एका नंबरवर 23 पेशंट निघाले. फोन लावला तर उचलला आमच्याच ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने.