प्रागमधली शंभर मिनिटं

खगोलशास्त्राच्या परिषदेचं सत्र चारला संपलं आणि सहाला नदीपलीकडे स्वागत समारंभ होता. बसची वीस मिनिटं वजा जाता 36 प्रतिनिधींना जुनं प्राग दाखवायला माझ्याकडे उरली शंभर मिनिटं. बस जुन्या शहराच्या चौकापर्यंत जात नाही, नदीकाठी उतरून चालावं लागतं. रस्ता दगडी ठोकळ्यांच्या फरसबंदीचा, टाचांचे बूट त्यात अडकतात. हे आदल्या दिवशीच कळवायचं असतं. गळ्यातली परिषदेची ओळखपत्रं बसमध्येच काढायला लावली, कारण खिसेकापूंना त्यावरून पाहुणा ओळखू येतो. कानात लावायचे रेडिओ संच मात्र बसमधून उतरल्यावर वाटले, तिथे बारा मिनिटं गेली. बसमध्येच वाटायला हवे होते.

साहजिकच टिन चर्च बाहेरूनच दाखवलं. 1601 मध्ये वारलेल्या टिको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आत आहे, एवढंच सांगून थेट घड्याळाकडे.

ओर्लोय हे चौकातलं 1410 चं खगोलीय घड्याळ. दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, कोंबडा आरवतो आणि मिनिटभरात खेळ खलास. टोल पडायच्या वेळी बोलायला लागलात तर कुणीच ऐकत नाही, सगळ्यांचे फोन वर असतात. म्हणून आधीची पंधरा मिनिटं तबकडीला द्यावीत, खरी गंमत तिथेच आहे. बाहेरच्या कड्यावर जुनी बोहेमियन वेळ आहे. तिचे 24 तास सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे ते कडं वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, हे ठाऊक असलेल्या माणसाला ही कल्पना पटकन उमगते. आत राशींचं कडं आहे, त्याचं केंद्र मुद्दाम बाजूला ठेवलेलं. सूर्य-चंद्राचे काटे त्यावरून फिरतात आणि चंद्राचा अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा कलाही दाखवतो. हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढल्याची गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगावी. घड्याळ घडवलं ते कादानच्या मिकुलाशने.

पाचचे टोल पडले की चौकातली गर्दी एकदम पुलाकडे सुटते. पाच मिनिटं थांबून निघालो, तरी अरुंद कार्लोवा गल्लीत समोरून येणाऱ्या घोळक्यांनी गट तोडला आणि मागच्यांच्या कानात नुसती खरखर. शेवटी छत्री धरलेला सहकारी होता म्हणून निभावलं. याच गल्लीत 4 क्रमांकाच्या घरात केप्लर राहत होता. प्राग त्याने 1612 मध्ये सोडलं, पण ग्रहगतीचे पहिले दोन नियम याच शहरातले, 1609 मध्ये छापलेले. इथे मात्र माझं घड्याळ हरलं, प्रश्न संपेनात. 2006 मध्ये प्लूटोचं ग्रहपद काढलं तेही प्रागमध्येच, हे कुणीतरी काढलं आणि वाद पेटला.

चार्ल्स पूल 516 मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे, त्यांतले बरेचसे प्रतिकृती. उजवीकडच्या संत नेपोमुकच्या पुतळ्यापाशी हात लावायला रांग लागते, तिथे गट थांबवूच नये. पायाभरणीची वेळ 1357, 9/7, 5:31 अशी सांगतात, उलटसुलट वाचली तरी तीच. हा नंतरच्या काळातला तर्क आहे, असं शास्त्रज्ञांना आधीच सांगून टाकावं, नाहीतर पुरावा मागतात.

पलीकडच्या बुरुजाखाली डोकी मोजली: 34. उरलेले दोघे अजून केप्लरच्या दारात प्लूटोवर भांडत होते.