क्रेटमधली दोन पिल्लं

आज शेजारच्या वावरात ऊसतोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. आमच्या जुन्नर भागात हे नवं नाही. वर्षभर उभा राहणारा ऊस म्हणजे मादीसाठी जंगलच. तरी बघ्यांची झुंबड उडालीच.

वनरक्षक ताई आल्या. आधी माणसं मागे सारली, मग हातमोजे घालून पिल्लं उचलली. मांजरीच्या पिल्लाएवढी, डोळे नुकते उघडलेले. डॉक्टरांनी तपासल्यावर दिवस मावळताना पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली, समोर कॅमेरा लावला. मी म्हटलं, "माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात का नाही नेत?" म्हणाल्या, "दादा, आई येतीये ना न्यायला. पिल्लं नाही दिसली तर ती बिथरंल, मग त्रास गावालाच."

साडेनऊला मादी आली. क्रेट आडवं पाडलं, एक पिल्लू मानगुटीला धरून नेलं. पाऊण तासाने दुसरं. ताईंचा दुपारचा डबा तसाच गाडीत होता.

आणि एवढं झाल्यावरही त्या घरी गेल्या नाहीत. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेल्या. पोरांना मधे झोपवा, अंधारात एकटं बाहेर सोडू नका, काही दिसलं तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा, असं प्रत्येक कोपीत वाकून सांगत होत्या.