आरएक्स १००: चॅसीत मोडलेला फूटरेस्टचा बोल्ट

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की फूटरेस्टचा बार दोन दिवसांत काढून रंगाला देतो. त्याला तीन आठवडे झाले आणि चौथा बोल्ट अजून जागेवरच आहे. पण तिसरा, जो आत मोडला होता, तो काल निघाला.

गाडी म्हणजे बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, १९९४ ची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती अंगणात उभी होती, टाकीच्याही वर पाणी. इंजिन मी तेव्हाच खोललं, पण चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, खालच्या अंगाकडे लक्षच गेलं नाही. आट्यांत शिरलेला गाळ तिथेच सुकला आणि बोल्ट गंजत गेले. लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि बोल्टला चारी बाजूंनी आवळतो.

पहिले दोन रिंग पान्याने कुरकुरत निघाले. तिसऱ्यासाठी मी पान्याला पाइप लावला. बोल्ट हलला, हाताला एकदम मऊ लागला आणि मला वाटलं सुटला. प्रत्यक्षात तो पिळला जात होता. पुढच्या पाव फेऱ्यात डोकं पान्यासकट हातात आलं. आठ एमएमचा बोल्ट, भोकाच्या तोंडापासून सहा एमएम आत मोडलेला.

दोघा-तिघांनी सुचवलं, तुकड्यावर नट वेल्ड कर. इंजिनच्या ॲल्युमिनियम केसिंगमध्ये ही युक्ती छान चालते, कारण लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही. इथे चॅसीही लोखंडाचीच, आणि तुकडा आत खोल. वेल्डिंग आट्यांना चिकटलं असतं तर बोल्ट कायमचा जाम झाला असता. मोडलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात रुतवून तो उलटा फिरवायचा, असा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर माझ्याकडे आहे, पण तोही बाजूला ठेवला. त्याचं पोलाद फार कडक आणि ठिसूळ असतं. आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. ज्या बोल्टचं डोकं पाइप लावून तुटलं, तो एवढ्याशा एक्स्ट्रॅक्टरने फिरेल ही आशाही मला पटेना.

चॅसीच बदल, असंही एकाने सांगितलं. आरसीवरचा नंबर याच चॅसीवर ठोकलेला आहे. ती बदलली तर आरटीओचं काम वेगळं, आणि गाडी बाबांची उरणार नाही ते वेगळं. तो विषय मी तिथेच बंद केला.

राहिलं ड्रिल. अडचण एकच: मोडलेला तुकडा वेडावाकडा असतो, त्यावर ड्रिल घसरतं आणि आट्यांत घुसतं. इथे सहा एमएम खोली कामी आली. ओळखीच्या लेथवाल्याकडून छोटी बुश, म्हणजे जाड भिंतीची नळी, करून घेतली, बाहेरून साडेसहा एमएम, मधे तीन एमएमचं भोक. ती मोकळ्या आट्यांत सरकवली की ड्रिल आपोआप बरोबर मध्यावर बसतं. या सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच. सेंटर पंचने नेम धरत बसलो असतो तर नक्की चुकलो असतो.

बॅटरीच्या ड्रिलला डाव्या हाताचं, म्हणजे उलटं फिरवून कापणारं, ड्रिल बिट लावलं, म्हणजे कापताना जोर सुटण्याच्या दिशेनेच पडतो. वेग कमी, तेल भरपूर, दर दोन-तीन एमएमला बाहेर काढून बुरा साफ. तीन एमएम आरपार गेलं. मग टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवून लांब ठेवले, गाडी उघड्यावर आणली, पाण्याची बादली जवळ घेतली आणि बोल्टभोवतीचा भाग ब्लो टॉर्चने तापवला. ज्योत बंद करून मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण फटीत ओढलं जाताना दिसतं. असं तीनदा केलं, मग पाच एमएमचं डावं बिट. तुकडा फिरून बाहेर येईल असं वाटत होतं, पण तो फिरला नाही.

शेवटी साडेसहा. एम८ च्या, म्हणजे आठ एमएम बोल्टच्या, आट्यांचा आतला व्यास साधारण ६.६५ एमएम, म्हणजे आता बोल्टची फक्त पातळ साल उरली होती. टोकदार सळईने तिचं टोक सोडवलं, चिमट्यात धरलं, आणि आट्यांची ती साल स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर आली. अर्धा तास मी ती हातात घेऊन बसलो होतो.

नंतर आटे साफ करायला ८ × १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार; आठ एमएम व्यास, दोन आट्यांत सव्वा एमएम अंतर) तेल लावून हातानेच फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. सुरुवातीचे दोन आटे थोडे खाल्ले गेलेत, बाकीचे चकचकीत. ८.८ ग्रेडचा नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. बसवताना कॉपर ग्रीस लावणार. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवेन.

चौथ्या बोल्टला रोज सकाळी पेनिट्रेटिंग ऑइल देतोय आणि डोक्यावर हातोडीचे हलके ठोके. रविवारी आधी तेल पुसून घेऊन तो तापवणार, मेण देणार, मगच पाना लावणार, आणि पाइप न लावता.