ऑक्सिजन लावूनही ८५च

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीला होते तेव्हाची गोष्ट. दुपारी एक आजी नातीला कडेवर घेऊन धावतच आल्या, मागून आई रडत. "डॉक्टर, बाय निळी पडलीय हो, सकाळी तर अंगणात खेळत होती!" तीन वर्षांची पोर, ओठ, नखं सगळं जांभळट, पण धाप अशी नाहीच, छाती एकदम क्लिअर, हृदयाचेही आवाज नॉर्मल. ऑक्सिमीटर ८५ दाखवत होता. मास्क लावून फुल ऑक्सिजन सोडला, तरी ८५ च्या ८५च, हलेना. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, हा फुप्फुसाचा प्रॉब्लेम नव्हे, रक्ताचाच आहे.

सिस्टरने रक्त काढलं तर चॉकलेटी. गॉझवर थेंब टाकून हवेत ठेवला, साधं काळपट रक्त असं ठेवलं की लाल होतं, हे होईना.

मी आजींना विचारलं, घरात कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत? त्यांनाच, अंगावरच्या फोडांसाठी डॅप्सोन! पाकीट उशाशीच असायचं, आई घरी धावली आणि रिकामं पाकीट घेऊन आली. डॅप्सोनने हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं, मग ते ऑक्सिजन धरूच शकत नाही, त्याला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. एरवी ते एक टक्क्याच्या आत असतं. वाईट म्हणजे उरलेलं चांगलं हिमोग्लोबिनसुद्धा आपला ऑक्सिजन घट्ट धरून बसतं, पेशींना सोडत नाही, त्यामुळे दिसतं त्याहून हाल जास्त असतात. पन्नास टक्क्यांपुढे फिट, कोमा, आणि सत्तरपुढे जीवच जातो. ऑक्सिमीटरलाही हे रक्त ओळखता येत नाही, तो ८५ च्या आसपास अडकून राहतो, म्हणून त्या आकड्यावर विसंबायचं नाही.

उतारा मिथिलीन ब्लू, किलोला १ ते २ मिलिग्राम, शिरेतून पाच मिनिटांत हळूहळू. त्याआधी आजींना विचारून घेतलं की घरात औषधाने कुणाला कावीळ किंवा काळी लघवी झालीय का, कारण जी सिक्स पीडी, म्हणजे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम, जन्मतः कमी असलेल्याला हे औषध दिलं तर रक्तपेशी फुटतात. कुणालाच नव्हती. ऑपरेशन थिएटरच्या कपाटात अँप्यूल मिळाली, देव पावला! अर्ध्या तासात ओठ गुलाबी व्हायला लागले, पोरगी "आई" म्हणून ओरडली, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पोटातलं विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजून १०८ने बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवली. लघवी निळी-हिरवी होईल, घाबरू नका म्हटलं, पण डॅप्सोन अंगात बराच वेळ राहतं, निळेपणा परत येऊ शकतो, म्हणून हसतखेळत दिसली तरी तिथले डॉक्टर सोडेपर्यंत घरी आणायचं नाही, हे आईला अॅम्ब्युलन्सच्या दारातही परत सांगितलं.