लक्षात ठेवायच्या गोष्टी कशा कमी केल्या

घरातली कामं कमी करायची म्हणून सुरुवात केली आणि पहिल्या पंधरवड्यातच कळलं की कामं फार नव्हतीच. डबे, कपडे, बिलं, बाजार, मुलांचा अभ्यास, सगळ्याचा वेळ मांडून पाहिला तर तो आवाक्यातला होता. दमवत होतं ते वेगळंच. कोणतं काम कधी करायचं हे दिवसभर डोक्यात धरून ठेवावं लागत होतं, आणि पाच माणसांच्या घरात ते बहुतेक माझ्याच डोक्यात होतं. म्हणून कामांऐवजी लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी करायला घेतल्या. त्याला सहा महिने लागले. क्रम, आकडे आणि चुका खाली देते आहे.

सुरुवातीला एक छोटी वही १४ दिवस सतत जवळ ठेवली. "अरे, ते राहिलंय" असं मनात आलं की वेळ घालून एक ओळ लिहायची, बाकी काही करायचं नाही. याच दिवसांत कामं उरकायला घेतली तर नोंदी थांबतात आणि चित्र अर्धवट राहतं. पंधराव्या दिवशी ओळी मोजल्या. वेगवेगळ्या बाबी ७० च्या आसपास होत्या, पण ओळी त्याच्या तिप्पट, कारण त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवत होत्या. ज्या बाबी सर्वांत जास्त वेळा आल्या त्यांना पहिला नंबर दिला. त्यात वरती होते पैशांचे व्यवहार, मग "उद्या भाजी काय", मग फोनवरचे निरोप. कपाटं आणि माळा कुठेच नव्हते. बहुतेक जण आवराआवरीने सुरुवात करतात, कारण ती डोळ्यांना दिसते; पण त्यात दोन रविवार जातात आणि डोकं तेवढंच भरलेलं राहतं.

अर्धवट कामं मनात जास्त टोचत राहतात हे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं होतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांतली गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. काम पूर्णच व्हायला हवं असं नाही. ते कधी आणि कसं करणार हे पक्कं ठरवलं तरी टोचणी बरीच कमी होते. म्हणून वहीतल्या कुठल्याही नोंदीपुढे "बघू" लिहायचं नाही असं ठरवलं. वार, वेळ आणि पहिली कृती, या तीन गोष्टी लिहायच्या. "विम्याचं बघणे" याऐवजी "शनिवार, ११ वाजता, पॉलिसीची फाईल काढून हप्त्याची तारीख लिहिणे".

सगळ्यात जास्त वेळ बँकखात्यांनी घेतला, आणि सगळ्यात जास्त मोकळंही त्यांनीच केलं. नवरा-बायको मिळून सात खाती होती. जुन्या नोकऱ्यांची पगारखाती, एक कर्जासाठी उघडलेलं, एक सोसायटीजवळ शाखा आहे म्हणून. ती तीनवर आणली. एक पगाराचं, एक घरखर्चाचं संयुक्त, एक बचतीचं. वापरात नसलेलं खातं पडून राहिलं तर काय बिघडतं असं वाटतं, पण दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं हक्क सांगितला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जातात. ते तिथूनही परत मिळतात, पण त्यासाठीची धावपळ पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. घरातल्या ज्येष्ठांची अशी विसरलेली खाती असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर बऱ्याच बँकांतलं एकदम शोधता येतं.

खातं बंद करण्याआधी किमान १३ महिन्यांचं स्टेटमेंट काढावं. १२ नको, १३ च, कारण वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या रकमा तारीख थोडी पुढेमागे झाली तर निसटतात. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि पंतप्रधान सुरक्षा विम्याचे २० रुपये मेच्या अखेरीस कापले जातात. ते खातं बंद झालं आणि दुसरीकडे नोंद केली नाही, तर संरक्षण गुपचूप संपतं. लॉकरचं भाडं, कार्डाचं वार्षिक शुल्क, एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक दिवशी जाणारी रक्कम), विम्याचे हप्ते, सगळ्यांवर पेन्सिलने खूण करायची. मग जे पैसे येतात त्यांची यादी. आयकराचा परतावा कोणत्या खात्यात नोंदवलाय, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला कोणता क्रमांक जोडलाय, डीमॅट खात्यातल्या शेअर्सचा लाभांश कुठे जमा होतो. सरकारी अनुदानांचं थोडं वेगळं आहे. गॅसची सबसिडी असो की लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, ते आधारशी संलग्न असलेल्या एकाच खात्यात येतात, आणि ते खातं कोणत्या बँकेत आहे हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये दिसतं. आपल्याला वाटतं ते खातं आणि तिथे दिसतं ते खातं बऱ्याचदा वेगळं निघतं.

मग आधी सगळे हप्ते नव्या खात्यावर वळवायचे, त्यातला एक तरी हप्ता तिथून प्रत्यक्ष गेलेला बघायचा, आणि त्यानंतरच बंद करण्याचा अर्ज द्यायचा. क्रम उलटा झाला तर हप्ता परत जातो, दंड लागतो. म्युच्युअल फंडाचं नवं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, मंजूर व्हायला दोन-तीन आठवडे धरावेत. यूपीआय लाइटमधली (छोट्या रकमांसाठी फोनमध्ये वेगळी काढून ठेवलेली) शिल्लक आधी खात्यात घ्यावी, दिलेला एखादा चेक वटायचा बाकी आहे का ते पाहावं. शाखेत जाताना पासबुक, उरलेलं चेकबुक, कार्ड, पॅन-आधारच्या प्रती. संयुक्त खातं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, आणि जुन्या खात्यातली सही जुळत नसेल तर तेवढ्यासाठी दुसरी फेरी होते. अर्जाची पोच घ्यावी. नेट बँकिंग बंद होण्याआधी मागच्या तीन वर्षांची स्टेटमेंट आणि चालू वर्षाचं व्याजाचं प्रमाणपत्र उतरवून ठेवावं. खातं बंद झालं तरी त्या वर्षाचं व्याज आयकर विवरणपत्रात दाखवावंच लागतं. एका खात्याला असे सुमारे सहा आठवडे. एका वेळी एकच घ्यावं. आम्ही दोन एकदम घेतली आणि कोणता हप्ता कुठे वळवला याचा घोळ झाला.

उरलेल्या खात्यांवर तारखा एकत्र आणल्या. पगार १ तारखेला, म्हणून सगळे ठरावीक हप्ते ५ ते १० च्या दरम्यान. हप्ता सकाळी लवकर ओढला जाऊ शकतो, त्यामुळे रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात हवी. त्याच दिवशी दुपारी भरून भागेलच असं नाही. घरखर्चाच्या खात्यात एका महिन्याच्या हप्त्यांएवढी रक्कम कायम ठेवली, तिला हात लावायचा नाही. क्रेडिट कार्डाचं बिल आपोआप भरायला लावताना 'पूर्ण रक्कम' निवडली आहे ना हे दोनदा बघावं. तिथे 'किमान रक्कम' राहिली तर बिल भरलं जातंय असं वाटत राहतं आणि व्याज चढत जातं.

सगळंच आपोआप करू नये, असं माझं ठाम मत आहे. रक्कम ठरलेली असेल ते आपोआप, बदलती असेल ते हाताने. महावितरणचं बिल मी मुद्दाम हाताने भरते, कारण त्या निमित्ताने युनिट नजरेखालून जातात आणि रीडिंगऐवजी सरासरीचं बिल आलं तर तेव्हाच कळतं. कागदी बिल मात्र बंद केलं. बिलावर छापलेला जीजीएन क्रमांक टाकून गो-ग्रीनची नोंदणी होते आणि बिलात थोडी सूटही मिळते. आयुर्विम्याचा हप्ता वार्षिक करून घेतला. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिकाला फक्त १५; शिवाय बारा तारखांऐवजी एकच तारीख.

फोनचं काम एका संध्याकाळचं. वाजण्याची परवानगी फक्त तीन गोष्टींना ठेवली: फोन कॉल, बँकेचे एसएमएस आणि शाळेचा ग्रुप. बाकी व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकले आणि 'चॅट्स आर्काइव्हमध्येच ठेवा' हे सेटिंग चालू आहे ना ते पाहिलं; ते बंद असलं की नवा निरोप येताच ग्रुप पुन्हा वर येतो. कुणाचं मन दुखवून ग्रुप सोडायची गरज पडली नाही. १९०९ वर 'START 0' असा एसएमएस पाठवला की जाहिरातींचे कॉल आणि निरोप अडवले जातात, मात्र अंमल व्हायला काही दिवस जातात. ज्या कंपन्यांना आपणच कधी संमती दिली आहे त्यांचे निरोप तरीही येतात, ते त्या त्या ॲपमधून बंद करावे लागतात. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत हे दिसतं; बंद पडलेलं एखादं जुनं सिम अजून बँकेला जोडलेलं तर नाही, हेही त्याच बैठकीत तपासून टाकावं.

आता स्वयंपाक. "आज काय करायचं?" हा प्रश्न घरात दिवसातून दोनदा, म्हणजे वर्षाला सातशेहून जास्त वेळा पडतो. आधी पूर्ण आठवड्याचे पदार्थ ठरवून तक्ता लावला; तो दुसऱ्याच आठवड्यात मोडला, कारण बाजारात त्या दिवशी तीच भाजी चांगली मिळेल असं नसतं. मग पदार्थांऐवजी प्रकार ठरवले, आणि भाजी किती टिकते त्यावरून वार लावले. बाजार रविवारी. सोमवार-मंगळवार पालेभाजी, बुधवारी भेंडी किंवा गवार, गुरुवारी उसळ, शुक्रवारी कोबी किंवा दुधी, शनिवारी पिठलं किंवा बटाटा. पालेभाजी निवडून, न धुता, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. धुऊन ठेवली की पाण्याने सडते. भेंडीही चिरायच्या वेळीच धुऊन, पुसून घ्यायची.

उसळीसाठी मटकी मंगळवारी रात्री भिजवायची, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, गुरुवारी सकाळी मोड तयार. पुण्याच्या थंडीत चोवीस तास पुरत नाहीत, तेव्हा सोमवारी रात्रीच भिजत घालावी. रविवारी फक्त दोन गोष्टी करून ठेवते. २०० ग्रॅम लसूण, १०० ग्रॅम आलं, एक चमचा मीठ आणि दोन चमचे तेल घालून वाटण. ते आठवडाभर फ्रीजमध्येच, बाहेर ठेवायचं नाही. आणि अर्धा किलो दाण्यांचा कूट. दाणे भाजून पूर्ण गार होऊ द्यावेत, गरम असताना फिरवले की तेल सुटून गोळा होतो. ओलं खोबरं खवून ठेवायचं तर फ्रीजरमध्ये. नुसत्या फ्रीजमध्ये ते दोन-तीन दिवसांत वास मारतं. कणीक आदल्या रात्री मळून, वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर सकाळी चालते, त्यापुढे काळपट पडते. रविवारी आठवड्याच्या भाज्या करून ठेवण्याचा प्रयोग तीनदा केला आणि सोडला: चार तास उभं राहून सुट्टीही जायची, आणि बुधवारनंतर ते अन्न कुणाला नको असायचं.

कामं वाटतानाही पहिल्यांदा चुकलंच. "सिलेंडर बुक करशील का?" असं विचारावं लागत असेल तर ते काम दिलेलंच नाही, आठवणीचं ओझं आपल्याकडेच राहिलं. आता काम आठवणीसकट द्यायचं. १४.२ किलोचे दोन सिलेंडर आहेत; जो भरलेला सिलेंडर लावतो तोच त्याच दिवशी बुकिंग करतो, आणि ते नवऱ्याकडे आहे. सासूबाईंच्या औषधांच्या गोळ्या त्या स्वतः आठवड्याच्या खणांच्या डबीत भरतात. गोळ्या संपायला सात दिवस उरले की रिकामी पट्टी फ्रीजच्या दारावर लावतात. मोठी मुलगी दप्तर रात्री भरते. पहिले तीन आठवडे गोष्टी राहून गेल्या, शाळेची वही विसरली, एकदा गॅसही संपला. तेव्हा मध्ये पडलं असतं तर सगळं पुन्हा माझ्याकडे आलं असतं.

या सगळ्याला मर्यादाही आहे. तारखा कमी झाल्या, घर शांत झालं, तरीही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, छातीत धडधड होत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ती व्यवस्थेची अडचण नाही, डॉक्टरांना दाखवावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

दर तिमाहीच्या पहिल्या रविवारी, चहानंतर ४० मिनिटं, आम्ही दोघं वही उघडून बसतो. नवं काय डोक्यात येऊन बसलंय ते लिहितो, प्रत्येकापुढे वार आणि नाव घालतो. मागच्या बैठकीत खात्यांचे आणि पॉलिसींचे नॉमिनी तपासले. लग्नाआधीच्या दोन पॉलिसींवर अजून आई-वडिलांची नावं होती. बँकेत नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी आणि त्यांचे हिस्से नोंदवता येतात, तो फॉर्म आणून ठेवलाय. शनिवार, ११ वाजता, नवऱ्याचं नाव.